*युवुंगझ् : एका तारांकित विशेषणाची कुळकथा (सासू-सासऱ्यांसह)

खडूफळा

इंग्रजी यंग, जर्मन युंग, डच योंग, स्वीडिश उंग. चौघांचा अर्थ तरुण, आणि चौघेही एकाच आजोबांचे नातू. हे आजोबा मात्र कुठेच लिहिलेले सापडत नाहीत. ज्या भाषेत ते नांदत होते ती आदिजर्मानिक भाषा ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात डेन्मार्क, दक्षिण स्वीडन, उत्तर जर्मनी या पट्ट्यात बोलली जात असावी, पण त्या काळातलं तिचं लेखन हाती नाही. मग अभ्यासक नातवंडांच्या तोंडवळ्यावरून मागे हिशेब मांडतात आणि निघालेल्या रूपाच्या आधी एक तारा ठेवतात. तो तारा म्हणजे 'प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, हिशेबाने आलंय' अशी प्रांजळ कबुली. आपल्या शब्दाचं रूप असं : *युवुंगझ्.

उच्चाराचं एवढंच सांगतो की शेवटचा झ् 'माझा'मधला आहे, 'माझी'मधला नव्हे.

आता गंमत. जर्मानिक भाषांपैकी सर्वांत जुना मोठा मजकूर मिळतो तो गॉथिकमध्ये. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने बायबलचं गॉथिक भाषांतर केलं. त्याची जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेली सहाव्या शतकातली प्रत आज स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात आहे. या गॉथिकमध्ये 'तरुण' म्हणजे युंग्स. ठीक. पण लूकच्या शुभवर्तमानात, पंधराव्या अध्यायात, वाट्याचं मागून घेऊन ते उधळणाऱ्या धाकट्या मुलाची गोष्ट येते, तिथे 'धाकटा' याला शब्द आहे यूहिझा. युंग्सचंच तर-भावाचं, म्हणजे 'अधिक तरुण' या अर्थाचं रूप. पण त्यातला ग गेला कुठे? आणि हा ह कुठून उपटला?

पहिल्यांदा वाचताना वाटतं, अपवाद असेल, भाषेत असतात. प्रत्यक्षात इथे नियमाला धरून आहे तो ह. आगंतुक वाटावा असा ग आहे.

ग्रिमचा नियम बऱ्याच जणांना माहीत असेल. मूळ भारत-युरोपीय भाषेतला एक तालव्य क संस्कृतात श झाला आणि जर्मानिकमध्ये ह. आपलं दश, गॉथिक तेहुन. आपलं शत, त्यांचं हुंद. आपला श्वन्, जर्मनांचा हुंड. याच शब्दाला ऋग्वेदात 'युवश' असा सख्खा भाऊ आहे आणि लॅटिनमध्ये 'युवेंकुस' (म्हणजे तरुण खोंड). श आणि क समोर आहेत, तेव्हा जर्मानिकमध्ये ह यायला हवा. यूहिझामध्ये तो आहे. युंग्समध्ये नाही.

याचं उत्तर तिशीही न गाठलेल्या कार्ल वर्नर नावाच्या डॅनिश माणसाने १८७५ साली लिहिलेल्या लेखात दिलं. त्याच्या आधी अर्धं शतक ग्रिमच्या नियमाला असे शेकडो अपवाद चिकटलेले होते आणि मंडळी 'आहेत बुवा' म्हणून सोडून देत होती. वर्नरने पाहिलं की अपवाद कुठे येतात ते संस्कृतात कळतं, म्हणजे वेदातल्या स्वरांवरून. आधीच्या अक्षरावर उदात्त, म्हणजे उंच स्वर, असेल तर ह टिकतो. नसेल तर त्याचा घोष होऊन ग होतो.

यातलं मला सर्वांत आवडणारं उदाहरण आपल्या घरातलं आहे. श्वशुर आणि श्वश्रू, म्हणजे सासरा आणि सासू. श्वशुरमध्ये उदात्त पहिल्या अक्षरावर, श्वश्रूमध्ये शेवटच्या. जुन्या जर्मनमध्ये सासरा म्हणजे स्वेहुर, सासू म्हणजे स्विगर. एकाच घरातली दोन माणसं, एकाकडे ह आणि दुसरीकडे ग! आजही जर्मनमध्ये सासूला श्वीगरमुटर म्हणतात, तो ग तिथलाच. स्वेहुरचा श्वेअर झाला आणि तो आता वापरातून गेला. (सासूबाई टिकल्या, यावर कृपया कोणी प्रतिसाद पाडू नयेत.)

आता आपलं विशेषण. 'युवश'मध्ये उदात्त शेवटी, म्हणून जर्मानिकमध्ये ग, *युवुंगझ्. तर-भावात मात्र संस्कृतात उदात्त मागे सरकून धातूवर येतो. 'युवन्'चं तर-रूप 'यवीयस्', उदात्त पहिल्या 'य'वर. जर्मानिकमध्येही तसंच झालं असणार, म्हणून तिथे ह टिकला. मग ह-च्या आधीचं अनुनासिक गळलं, स्वर लांबला, आणि *यूहिझो हे रूप तयार झालं. पुढे जर्मानिक भाषांनी आघात सरसकट पहिल्या अक्षरावर नेऊन ठेवला, त्यामुळे कारण नाहीसं झालं आणि ग-ह एवढा परिणाम मागे राहिला. कारण जपलं गेलं ते वेदपाठात. माझ्या मते तौलनिक भाषाशास्त्रात इतका देखणा पुरावा क्वचितच मिळतो, आणि तो एका विशेषणाच्या रूपावळीत दडलेला आहे.

बाकी भाषांनी ही विसंगती पुसून टाकली. इंग्रजीत यंगर, जर्मनमध्ये युंगर, दोन्हीत ग सगळीकडे पसरलेला. जुन्या नॉर्समध्ये मात्र 'उंग्र'चं तर-रूप 'इंग्री'बरोबरच 'ओएरी' असंही होतं. बघा, ग नाही. म्हणजे गॉथिक एकटी नव्हती.

शब्दाच्या पोटात काय आहे तेही सांगतो. मुळाशी आहे 'आयु'. आपलं आयुष्य, ग्रीक आयॉन, लॅटिन ऐवुम, जर्मन एविश (म्हणजे शाश्वत) ही सगळी तिथून आलेली. कार्ल होफमान या जर्मन पंडिताने १९५५ साली दाखवलं की मूळ भाषेत 'अमुक असलेला' या अर्थाचा एक प्रत्यय होता आणि 'युवन्' म्हणजे आयु-शक्ती अंगात असलेला. त्याला पुढे आणखी एक क-प्रत्यय लागून युवश, युवेंकुस, वेल्शमधलं येवांक आणि आपलं *युवुंगझ्. आयरिशमधलं 'ओग'ही त्यातलंच. लहानांना पत्रात 'चिरंजीव', 'आयुष्मान' लिहिणाऱ्या लोकांना हे पटायला जड जाऊ नये.

रूपावळीबद्दल थोडं खाली लिहितो, जेवायला हाक आली आहे.

---

चहाटळ

पहिला नंबर! पूर्ण वाचलं नाही पण सासूचा ग पोचला.

---

स्वरित

सुंदर धागा. दोन गोष्टी जोडतो.

छापील ऋग्वेदात उदात्त शोधायला जाल तर फसाल, कारण त्याच्यावर खूणच नसते. अनुदात्ताला खाली आडवी रेघ, स्वरिताला डोक्यावर उभी. ज्याच्यावर काहीच नाही तो सहसा उदात्त. (सहसा, कारण स्वरितानंतरची अक्षरंही कोरीच असतात.) घरी संथा घेतलेल्यांना हे सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी.

आणि 'युवश' कुठे येतो ते. पहिल्या मंडलातलं १६१ वं सूक्त, ऋभूंचं. देवांकडून दूत म्हणून आलेल्या अग्नीला ऋभू आपल्यापुढची कामं मोजून दाखवतात : घोडा करायचा आहे, रथ करायचा आहे, धेनू करायची आहे, आणि 'युवशा कर्त्वा द्वा', म्हणजे दोघांना तरुण करायचं आहे. हे दोघे म्हणजे ऋभूंचे म्हातारे आईबाप. खोंडापेक्षा हा संदर्भ बरा वाटतो.

तम-रूप 'यविष्ठ' हे तर अग्नीचं लाडकं विशेषण. रोज नव्याने पेटवतात, म्हणून देवांत सर्वांत धाकटा.

---

पाचवा_वेद

म्हणजे शेवटी सगळं संस्कृतातूनच निघालं ना? मग 'मूळ भारत-युरोपीय' नावाची कधीही न सापडलेली भाषा कल्पायची गरज काय? युवश → युंग. सरळ आहे.

---

खडूफळा

@पाचवा_वेद, सरळ असतं तर मलाही आवडलं असतं, पण हिशेब जुळत नाही. लॅटिन युवेंकुसमध्ये क आहे, येवांकमध्ये क आहे. क-चा श होणं जगभर दिसतं, जीभ पुढच्या स्वराकडे ओढली जाते आणि क मऊ होतो. श-चा क अशा सरसकट रीतीने होत नाही. म्हणजे क जुना, श नवा. स्वरांचंही तेच आहे. ग्रीक-लॅटिनमध्ये ए, ओ, अ वेगवेगळे आहेत, संस्कृतात तिन्हींचा एकच 'अ' झालेला आहे. ग्रीक 'डेका', लॅटिन 'डेकेम', संस्कृत 'दश'. एका 'अ'मधून नेमक्या त्याच शब्दांत ए आणि त्याच शब्दांत ओ कसा काढायचा?

संस्कृत आई नाही, मावशी आहे. आणि मावशीच्या पेटीत जे दागिने जपले गेले (उदात्त हा त्यातला एक) ते बाकी कोणाकडे इतके शाबूत नाहीत. यात कमीपणा कसला?

---

पाचवा_वेद

मावशी हा शब्द मान्य नाही, पण क-चा मुद्दा बघतो.

---

हॅम्बुर्गची_हौसा

रूपावळ कुठे आहे? जेवण झालं असेल आता. 🙂

मी पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकले तेव्हापासूनचा प्रश्न आहे. 'एक तरुण माणूस' म्हटलं की 'आइन युंगर मान', 'तो तरुण माणूस' म्हटलं की 'डेर युंगे मान'. 'तरुण वाइनबरोबर' म्हटलं की 'युंगेम', पण 'त्या तरुण माणसाबरोबर' म्हटलं की 'डेम युंगेन'. तक्ता पाठ केला, परीक्षा झाली, इतकी वर्षं इथे काढली, तरी घाईत बोलताना शेवटचं अक्षर मी गिळते. हा छळ त्या आजोबांनी सुरू केला का?

---

खडूफळा

@हौसाताई, हो, आजोबांनीच.

मराठीत विशेषणाचा संसार लहान आहे. चांगला-चांगली-चांगले, आणि नामाला प्रत्यय लागला की 'चांगल्या'. 'तरुण' तर तेवढंही करत नाही, जसाच्या तसा. आदिजर्मानिकमध्ये प्रत्येक विशेषणाला दोन पूर्ण संच होते, पंडित त्यांना सबल आणि दुर्बल म्हणतात.

सबल संचातली पुल्लिंगी रूपं पाहा : *युवुंगझ् (कर्ता), *युवुंगम्मै (संप्रदान), अनेकवचनी कर्ता *युवुंगै. नपुंसकलिंगी *युवुंगं किंवा *युवुंगातो. यातले पहिले झ् आणि अं हे नामांचेच प्रत्यय, संस्कृतातले देवः आणि फलम्. पण -अम्मै, -ऐ, -आतो हे नामांचे नाहीतच, ते सर्वनामांकडून उसने आणलेले आहेत. 'त्याला' या अर्थाच्या *थम्मै या सर्वनामाचा शेपूट विशेषणाला जोडला आहे.

आणि इथे शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी कान टवकारावेत. देव शब्द चालवताना आपण देवाय, देवाः म्हणतो. मग सर्व शब्द येतो आणि मास्तर बजावतात : सर्वाय नव्हे, सर्वस्मै! सर्वाः नव्हे, सर्वे! कारण सर्व, विश्व, अन्य ही तद् सर्वनामासारखी चालतात, तस्मै आणि ते यांच्या चालीवर. संस्कृतात ही चाल मूठभर शब्दांपुरती राहिली. जर्मानिकने ती उचलून यच्चयावत विशेषणांना लावून टाकली. सर्वस्मैमधला स्म तिकडे म्म झाला. *युवुंगम्मै म्हणजे चालीपुरतं 'सर्वस्मै', *युवुंगै म्हणजे 'सर्वे', आणि *युवुंगातोच्या शेपटीत 'अन्यत्'मधला त आहे. तुमच्या 'युंगेम'मधला म त्या म्मै-चा उरलेला तुकडा, आणि तोच 'डेम'मध्येही आहे.

दुर्बल संच वेगळ्या घरचा. तिथे न-प्रत्यय आहे, राजन्-सारख्या नामांचा. काम असं की गुणावरून माणूस नेमका करायचा, 'तो तरुण असलेला'. लॅटिनमध्ये 'कातुस' म्हणजे चाणाक्ष, आणि त्याला न-प्रत्यय लावून 'कातो' हे आडनावासारखं नाव झालं, त्यातला प्रकार हाच. म्हणून जिथे 'तो, हा' असा दर्शक शब्द असतो तिथे दुर्बल रूप. 'डेम युंगेन'मधला न तो. तर-भावाची रूपं तर कायम दुर्बलच चालायची, त्यामुळे आपला 'सा यूहिझा' (तो धाकटा) हाही त्या संचातला.

पाठ करायला सोयीचं सूत्र हवं असेल तर : सर्वनामाचा शेपूट एकदा दिसला की पुरे. 'डेम'ने दाखवला तर विशेषण न-वर भागवतं, कोणीच दाखवला नसेल तर विशेषणाला स्वतः दाखवावा लागतो. सगळीकडे चालत नाही, पण संप्रदानात चालतं.

---

हॅम्बुर्गची_हौसा

हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर! सर्वस्मै दहावीत पाठ होतं की.

नपुंसकलिंगी रूपाचं एखादं वाक्य मिळेल का गॉथिकमधलं?

---

खडूफळा

मिळेल आणि फार छान आहे. मत्तयच्या नवव्या अध्यायात 'नवा द्राक्षारस नव्या बुधल्यांत' ही म्हण आहे. ग्रीक मूळात दोन्ही 'नव्या'ना वेगळे शब्द आहेत, रसाला 'नेओस' आणि बुधल्यांना 'काइनोस'. वुल्फिलाने तो फरक सोडला नाही. 'वीन युंगाता इन बल्गिन्स निउयान्स'. म्हणजे रस 'तरुण' (युंगाता, सबल नपुंसकलिंगी) आणि बुधले 'नवे'. त्यातला निउय- हा आपला 'नव्य'. जर्मन लोक आजही कोवळ्या वाइनला तरुणच म्हणतात.

---

बोरूबहाद्दर

युवन् आला आणि पाणिनीचं ते प्रसिद्ध सूत्र कोणी काढलं नाही? 'श्वयुवमघोनामतद्धिते', ६.४.१३३. श्वन्, युवन्, मघवन् या तिघांत काही विभक्तींच्या आधी व-चा उ होतो : शुनः, यूनः, मघोनः. त्यावर एक चेष्टेचा श्लोक आहे. काच, मणी आणि सोनं एकाच दोऱ्यात ओवणाऱ्या मुलीला कोणी विचारतो, 'हे काय चमत्कारिक?' ती म्हणते, विचारवंत पाणिनीनेसुद्धा कुत्रा, तरुण आणि इंद्र एका सूत्रात ओवले, मग माझं काय घेऊन बसलात?

या धाग्यात हुंड आणि युंग दोन्ही आलेच आहेत. इंद्र तेवढा राहिला होता.

---

चहाटळ

आता पूर्ण वाचलं. आपला 'जवान' यातलाच का? का तो अरबी?

---

खडूफळा

फारसी, आणि हो, यातलाच. अवेस्तातला युवन् आणि आपला युवन् सख्खे, आणि फारसी जवान त्याचा वंशज. म्हणजे 'जय जवान'मधला जवान आणि 'युवा' हे चुलत चुलत भाऊ, एक इराणातून फिरून आलेला. लावणीतला 'जोबन' प्राकृतातून. य-चा ज होण्याची खोड प्राकृताला होती, फारसीला स्वतंत्रपणे लागली आणि फ्रेंचांना तिसरीकडे. लॅटिन 'युनिओर' म्हणजे अधिक तरुण, त्याचा इंग्रजीत ज्युनिअर झाला. तेव्हा अकरावीला ज्युनिअर कॉलेजात जाणारा प्रत्येक जण व्युत्पत्तीने 'यवीयान्' आहे. नॉर्सने य चक्क टाकूनच दिला, म्हणून स्वीडिश उंग.

न्यूयॉर्कशेजारच्या याँकर्स शहराचं नावही यातलंच. डच 'योंकहेर' म्हणजे तरुण साहेब, खानदानी घरचा मुलगा. आद्रियान फान डेर डोंक या डच जमीनदाराला लोक तसं म्हणत, त्यावरून.

---

मोगरीण

उशिरा आले. एक शंका. यंग, युंग, योंग, उंग, गॉथिक युंग्स, कुठेही 'व' नाही. पाचही नातवंडांत जे नाही ते आजोबांच्या नाकावर का चिकटवायचं? काही कोशांत सरळ *युंगझ् दिलेलं पाहिलंय. संस्कृतात आणि लॅटिनमध्ये व आहे म्हणून जर्मानिकमध्येही तो घालणं म्हणजे शेजाऱ्याच्या फोटोवरून आपल्या आजोबांचं चित्र काढणं नाही का?

---

काथ्याकूट

मोगरीणताईंशी सहमत. शिवाय जर्मन 'युगेंड' (तारुण्य) आणि इंग्रजी 'यूथ'चं जुनं रूप 'येओगुथ', यांतला ग पण वर्नरचाच का? तिथे तर क कधी नव्हताच.

---

खडूफळा

दोघांच्या शंकांचं उत्तर एकच आहे, म्हणून एकत्र देतो.

@काथ्याकूट, नाही, तो ग वर्नरचा नाही. लॅटिन 'युवेंतुस' (तारुण्य) आणि संस्कृत 'युवति' यांच्या पंगतीत बसणारं नाम म्हणजे आदिजर्मानिक *युवुंथिझ्. क-प्रत्यय त्याला लागलेलाच नाही. तरी पश्चिमेकडच्या भाषांत मधोमध ग दिसतो. तो आलाय व-च्या जागी. 'योग्यता, कर्तबगारी' या अर्थाचा एक शब्द होता, जर्मन 'टुगेंड', जुन्या इंग्रजीत 'दुगुथ', आणि त्यात ग होता. जुन्या इंग्रजी काव्यात दरबारातली अनुभवी मंडळी आणि पोरसवदा मंडळी 'दुगुथ' आणि 'येओगुथ' अशी जोडीने येतात. जोडीने वावरणारे शब्द एकमेकांसारखे होतात. बहुतेकांचं मत असं की या शेजाराने व-चा ग केला. काही जण दोन उ-कारांमध्ये सापडलेल्या व-चा ग होणं हा वेगळा ध्वनिनियमच मानतात. मला शेजाराचं कारण जास्त पटतं.

कसंही झालं असो, @मोगरीण, ग व्हायला आधी तिथे व असायला हवा. म्हणजे 'युगेंड'च्या पूर्वजात जर्मानिकच्या आत व होता, आणि हा पुरावा शेजाऱ्याच्या फोटोतून नाही, घरातूनच मिळतो. नामात व होता तर त्याच्या पाठच्या विशेषणातही एखाद्या टप्प्यावर असणार. भांडण उरतं ते फक्त टप्प्याचं. शाखा फुटायच्या आधीच उवुं-चा उं झाला असेल तर *युंगझ् लिहा. गॉथिकमध्ये तारुण्याला 'युंदा' म्हणतात, तिथे नामही आक्रसलेलं आहे, ते तुमच्या बाजूने. मी *युवुंगझ् लिहितो, कारण नाम आणि विशेषण शेजारी ठेवली की नातं दिसतं. पण *युंगझ् लिहिणाऱ्याशी वाद घालणार नाही.

---

मोगरीण

'युगेंड' पटलं. पण मग एक सांगा, यूहिझामधला दीर्घ ऊ अनुनासिक गळल्यामुळे लांबला म्हणता, तो उवुं-च्या संधीचा कशावरून नसेल? आणि गॉथिक लिपीत ऱ्हस्व-दीर्घ उ वेगळे लिहीतच नाहीत ना?

---

खडूफळा

लिहीत नाहीत, बरोबर. दीर्घाची खूण संपादकांची. अनुनासिक गळून स्वर लांबणं मात्र त्याच जागी, ह-च्या आधी, इतर शब्दांत नियमाने दिसतं. इंग्रजी 'थिंक'चं भूतकाळी 'थॉट', 'ब्रिंग'चं 'ब्रॉट', दोन्हीतलं अनुनासिक असंच उडालेलं आहे, गॉथिक 'थाहता' आणि 'ब्राहता'. यूहिझाला तोच नियम लागू केला की दीर्घ ऊ फुकटात मिळतो. संधीने आला असं म्हणायचं तर युंग्समध्ये तो ऱ्हस्व का, हे वेगळं सांगावं लागेल.